चार मोजणारा

कानाच्या दवाखान्यात ती नंबर लागायची वाट बघत बसली होती. तिच्या समोर बसलेल्या म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्याच्या बायकोचं बोलणं सगळ्यांनाच ऐकावं लागत होतं. भिंतीवरच्या टीव्हीत पिकल्या केसांचा एक गायक गिटार घेऊन एकटाच उभा होता.

"काय म्हणतोय गं तो?"

"युद्ध थांबवा म्हणतोय."

"बँडमध्ये आम्हा तिघांशी पटलं नाही, आणि निघालाय जगाची भांडणं मिटवायला!"

"परवा फोन आला होता त्याचा. शांतीच्या सभेत ड्रम वाजवायला या म्हणाला."

"मग?"

"तुम्हाला ऐकू येत नाही हे सांगायचं जिवावर आलं. कळवते म्हटलं."

"त्याच्याच मागं बसून गेलेत हे कान."

"सोडा आता."

"पण हा सारखा मागे काय बघतोय? मागे तर कुणीच नाही."

"तुम्ही काठ्या आपटून चार मोजल्याशिवाय त्याला कधी सुरुवात जमलीय का?"

म्हाताऱ्यानं खुर्चीच्या हातावर बोटानं चारदा टकटक केलं. टीव्हीत गायकानं गायला तोंड उघडलं.

"सुरात आहे का गं?"

"आहे."

"मग असू दे एकटा."