चवीपुरतं मीठ

दवाखान्याच्या बाकावर ती बाळाला थोपटत बसली होती. शेजारी कोणी अनोळखी सासू-सून बसल्या होत्या; त्या सुनेचे सासरे आत रक्तदाब तपासून घेत होते.

“चवीपुरतं मीठ घालायचं, एवढंही कळेना? शिकलीस तरी काय?”

“कोणाच्या चवीपुरतं, आई?”

“घराच्या! आणखी कोणाच्या?”

“घराची चव ठरवली कोणी?”

“माझ्या सासूबाईंनी. जरा कमी पडलं की ताट भिरकावायच्या.”

“त्या जाऊनही जमाना झाला. बाबांना डॉक्टरांनी मीठ निम्मं करायला सांगितलंय.”

“अक्कल पाजळू नकोस! निम्म्या मिठाचं घशाखाली तरी उतरेल का?”

“तुम्हाला स्वतःला कसं आवडतं?”

“मला? मला कोण विचारतंय!”

“मी विचारतेय ना.”

बाळ कुरकुरलं, तशी तिने त्याला घाईघाईने छातीशी धरलं. शेजारच्या सासूचं उत्तर ऐकायचं राहायला नको होतं.

“माहेरी असताना अळणीच आवडायचं. पण म्हणून शेफारू नकोस!”