टिकणारी चॉकलेटं

चॉकलेटच्या दुकानात रांगेत माझ्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं.

"ताई, आल्याची चॉकलेटं अर्धा किलो द्या."

"अगं, यंदाही आल्याचीच?"

"तुम्हाला आवडत नाहीत म्हणूनच. आवडीची आणली की नाताळाआधीच डब्यात खडखडाट."

"पण आता आवडतात मला."

"काय?"

"सात वर्षं घरात दुसरं काही येत नाही. जीभ तरी काय करणार?"

"म्हणजे गेल्या नाताळात डबा तुम्ही संपवलात? आणि मी सूनबाईला नाही नाही ते बोलले! तेव्हा तोंड उघडायला काय झालं होतं?"

"तोंडात चॉकलेट होतं."

"धन्य आहे तुमची! आता काय नेऊ? कॅरमेल म्हणजे तर तुमचा जीव की प्राण."

"होता. आता कवळीला चिकटतं ते. नावसुद्धा काढू नकोस."

"खरंच?"

"बघवत नाही गं मला."

"ताई, आल्याची राहू द्या. कॅरमेलची द्या, अर्धा किलो."

"अर्ध्या किलोनं काय होतंय? टिकणारच आहेत, तर चांगली किलोभर घे."