पडलेल्या भिंतीला आमी दार म्हणायचो

अन्याय झाला तो माझ्यावर, मालन चौगुलेवर, आणि झाला तो गेल्या आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळची पाळी सुरू होताना, सगळ्या बायकांच्या देखत. माझं सांगणं लिहून घ्यायला आलीस, तर हे आधी लिही पोरी, मग बाकीचं.

तर मी मूळची निपाणीच्या बाजूची. लग्न होऊन बेंगळुरात आले, राजाजीनगरच्या पलीकडं कारखान्यांच्या गल्लीत नवऱ्याला काम होतं, तो वारला आणि त्याच गल्लीत एका पत्र्याच्या शेडात मला काम लागलं, तेव्हा माझी सारिका बालवाडीत होती. काम काय, तर नळांवर क्रोम चढवायचं. काय सांगू तुमास्नी, नळ तांब्याच्या तारेनं आकड्याला बांधायचे, गरम टाकीत सोडायचे, टाकीतलं पाणी तांबडं-काळं, वीज सोडली की खदखदायला लागतं, बुडबुडे फुटतात आणि वर पिवळट वाफ येती, घशाला डसणारी, आणि आपलं तोंड नेमकं त्या वाफेवर. नळ बाहेर काढला की निव्वळ आरसा. त्यात आपलंच तोंड बघून बायका टिकली सारखी करायच्या.

टाकीच्या काठाला वाफ ओढणारा पंखा हाय, न्हाई असं न्हाई. पण तो चालवला की मालक ओरडायचा, माझं रसायन वर ओढून घालवता का. तपासणीला कुणी येणार असलं की चालू, ते गेले की बंद. आयुधपूजेला मात्र सगळ्या यंत्रांसंगं त्या पंख्यालाबी हळदकुंकू, झेंडूचा हार, समोर कोहळा फोडायचा. पूजा झालेला पंखा आणि बटण बंद. हसू नको, मीबी हार घातलाय त्याला.

पहिल्यांदा नाकात आग व्हायची, मग खपल्या, मग शिंकरलं की रुमालाला रक्त. जयम्मा म्हणून माझ्याशेजारी टाकीवर होती, जुनी बाई, ती म्हणायची, स्वल्प सोस अक्का, दार उघडलं की सगळा त्रास जातो. आणि एक दिवस खरंच आग थांबली, रक्त थांबलं, आणि मी हसले तर नाकातनं शीळ वाजली. जयम्मानं कापसाची वात वळली आणि माझ्या एका नाकपुडीतनं घालून दुसरीतनं बाहेर ओढली, आणि म्हणाली, आयतु अक्का, झालीस तू पक्की टाकीवाली. दुसऱ्या दिवशी तिनं म्हैसूरपाक आणला, सगळ्यांना वाटला. आमच्या शेडात तशी रीतच होती, ज्याचं दार उघडंल त्याचं तोंड गोड करायचं. दुखणं गेलं म्हणजे बरं झालं, असंच आमी समजायचो. दुखणं गेलं कारण दुखायला तिथं काय उरलंच नव्हतं, हे सांगणार कोण?

पुढं चष्मा लागला आणि तो नाकावर राहीना, सारखा खाली. मी दुकानदाराशी भांडले, काड्या नीट बसव म्हणून. तो म्हणाला, अम्मा, काड्या सरी हायेत, बरोबर बसल्यात, तुमचं नाकच खाली बसलंय. घरी येऊन लग्नातला फोटो काढला. सरळ नाक होतं माझं, सासू त्यावरच पसंत करून गेल्ती. आता मधी खळगा, शेंडा वर.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरणीनं नाकात बॅटरी मारून बघितलं आणि एकच विचारलं, काम काय करता? मी सांगितलं. तिनं हातातली बॅटरी खाली ठेवली. म्हणाली, दोन नाकपुड्यांच्या मधी भिंत असती, ती त्या वाफेनं खाल्ली, त्या भिंतीवर नाकाचा कणा उभा असतो, भिंत गेली म्हणून तो खचला. ती भिंत परत येणार न्हाई.

म्हणून आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी मी मालकाला म्हणाले, सार, पंखा चालू करा. एवढंच म्हणाले, बघा. तर तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, ही निपाणीची, तंबाखूच्या मुलखातली, नाकात तपकीर कोंबून कोंबून भोक पाडलंय आणि नाव माझ्या टाकीचं घेती, उद्यापासून येऊ नकोस. मी जन्मात तपकिरीला बोट लावलेलं न्हाई. बायका खाली बघून तारा बांधत होत्या. सारिकाबी त्यात होती, दहावीनंतर तीबी टाकीवर लागल्ती. तिनं वर बघितलं न्हाई. मी तिला बोल लावत न्हाई, दोघी बाहेर पडलो असतो तर चूल कशावर पेटली असती?

मग यंदा उन्हाळ्यात एक दिवस मोरीत शिंकरलेलं रक्त दिसलं. सारिकाचं. मी म्हणाले, कधीपासनं? ती हसून म्हणती, घाबरू नको आई, थोडंच राहिलंय, जयम्माअक्का म्हणती लवकरच दार उघडंल.

मी तिला खाली बसवलं, मोबाईलची बॅटरी लावून माझ्या या नाकपुडीला धरली आणि म्हणाले, पलीकडच्या नाकपुडीत बघ. उजेड आरपार आला. बघ म्हणाले, हे दार न्हवं गं, पडलेली भिंत हाय ही, आईच्या तोंडावरची पडझड हाय. ती नाकाला पदर लावून रडली.

डॉक्टरीण म्हणाली, हिची भिंत अजून उभी हाय, जखम हाय नुसती, त्या वाफेतनं सुटली तर भरंल. सारिकानं टाकी सोडली, आता एका शिवणाच्या कारखान्यात बटणं लावती. खपली धरली न्हाई कितीक दिवसांत. देवानं तिचं नाक तसंच सरळ ठेवावं. पण तिच्या जागेवर दुसरी कुणाची तरी लेक उभी हाय, जयम्मा तिलाबी स्वल्प सोस म्हणत असंल, आणि पंखा हार घालून बंदच.

आता तुमी, वाचणाऱ्यांनो. तुमच्या मोरीतला नळ चकचकतो, त्यात तुमचं तोंड दिसतं. हळहळू नका, मला तुमची हळहळ नको. पुढचा नळ घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला विचारा, ह्याच्यावर क्रोम कुठल्या शेडात चढलं, आणि तिथला पंखा चालू असतो का बंद. त्याला ठाऊक नसंल तर त्याला वर, माल देणाऱ्याला, विचारायला लावा. उत्तर येईस्तोवर नळाला हात लावू नका.