न खणलेला खड्डा

खड्डा दाखव म्हणे… अहो, जो मी खणलाच नाही तो खड्डा दाखवू कुठून? तुम्ही शहाणीसुरती माणसं, तुम्हीच सांगा. चोराकडे चोरीचा माल मागतात ते समजतं. पण खड्डा? शिमग्याला दोन महिने होत आले तरी मी अजून सावरलेलो नाही, जेवताना मध्येच घास हातात राहतो माझा.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी खंडू तांडेल, रत्नागिरीत मिरकरवाड्याचा. तीस वर्षं होडीचं सुकाणू धरलं, गेल्या वर्षी डोलकाठीवरून पडलो आणि गुडघा गेला. होडी मुलाकडे, मी पडवीत. आता पडवीत बसणाऱ्या माणसाची घरात काय पत असते? आमची मथुरा केर काढताना "पाय उचला" म्हणायची ना, ते कोणत्या सुरात म्हणायची ते ऐकायला हवं होतं तुम्ही. त्यात गणपतीला तिचा भाऊ काशीराम मुंबईहून आला. "भावजी, इथं बसून काय करताय? आमच्याकडे वखारीवर रखवालदाराची जागा होतेय. शिमग्यापर्यंत घरी काहीतरी करून दाखवा, नाहीतर गुमान माझ्याबरोबर चला." आणि मथुरा मान हलवतेय! माझ्याच घरात, माझ्यासमोर! मला जायचं नव्हतं हो. पडवीतून बंदर दिसतं, लांबून नुसतं शीड बघून होडी कुणाची ते मी सांगतो. मुंबईत काय बघून काय सांगू?

दिवाळी झाली, म्हटलं, करून दाखवतो. वांगी लावतो अंगणात. कुदळ मारली तर ठिणगी उडाली. आमचं अंगण म्हणजे सगळा कातळ, वर मूठभर माती असेल नसेल. दुसरी मारली तर दांडा मोडला आणि गुडघ्यातून अशी कळ आली की मी तिथंच फतकल मारली. तेवढ्यात नझीर आला. नझीर म्हणजे शेजारचा, आगबोटीवर खलाशी, रजेवर आलेला. हा हसतोय. "अरे खंडू, कुदल कशाला मारतंस? तिकडे थंड मुलखात मी डोल्यानं बघितलंय, बटाटे नुसते जमिनीवर मांडायचे, वर पेंढा टाकायचा, बस! पेंढ्याच्या पोटात बटाटे!"

न खणता? "अरे, न खणता!"

तुम्हाला सांगतो, त्या दोन शब्दांनी माझा घात केला.

कोंब आले म्हणून मथुरेनं टाकायला काढलेले बटाटे उचलले, कातळावर पातेरा, म्हणजे सुका पालापाचोळा, नि शेणखत पसरलं, त्यावर बटाटे मांडले, वर ढोपरभर पेंढा. मध्ये खत म्हणून सुक्या मासळीचा कुटा घातला, मीठ जावं म्हणून चांगला तीन पाण्यांत धुऊन. तरी वाडीतली मांजरं आलीच. मांजरं गेली तर कोंबड्या आल्या, पेंढा उकरायला. मग मी तांडेल माणूस, मला दुसरं काय सुचणार? जुनं जाळं काढलं, पेंढ्यावर अंथरलं, कडेनं धोंडे ठेवले. कोंबड्या गप्प. पंधरा दिवसांत कोंब जाळ्याच्या भोकाभोकांतून वर आले, हिरवेगार, जाळ्यात असे गुंतले की कुठं पाला नि कुठं जाळं ते कळेना. मला काय कौतुक वाटलं होतं त्याचं…

आणि दुसरं एक केलं. आमचे बाबा सांगायचे, जाळं पाण्यात आहे तोवर आत काय आलं असेल ते बोलायचं नाही. तो नेम मी बटाट्याला लावला. कुणी पेंढ्यात हात घालायचा नाही, विचारायचं नाही, मी सांगणार नाही, शिमग्याला काशीरामसमोरच उघडायचं. मथुरा बिचारी विहिरीवरून घागरी आणून ओतायची नि वर मला शिव्या द्यायची. फाल्गुनात पाला पिवळा पडला, वाळला, आडवा झाला. नझीर बोटीवर परत जाताना सांगून गेला होता, पाला मेला की बटाटा तयार. मी मनातून नाचतोय, पण बोलायचं नाही ना! आणि ती रोज त्या पाल्याकडे बघतेय, मग माझ्याकडे बघतेय, आणि गप्प. मला वाटलं, हिला कौतुक वाटतंय.

काशीराम शिमग्याला आला. म्हटलं, उद्या सकाळी सगळ्यांसमोर उघडू. आता आमच्याकडे शिमग्याचा होम, म्हणजे तुमची होळी, सकाळी पेटते, आणि रीत अशी की होमाला वाडीतले गडी कुणाचंही लाकूड, पेंढा, मोडकं कवाड उचलून नेतात. गेलं ते गेलं. मागायचं नाही, रागवायचं तर मुळीच नाही. सकाळी उठून बाहेर येतो… तर अंगण स्वच्छ! शेणानं सारवलेलं, वर रांगोळी!  म्हटलं, माझा पेंढा कुठं गेला?

मथुरा म्हणते, "देवाची पालखी यायची दारात, म्हटलं घाण जाऊ दे. पाला मेला होता हो तुमचा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही मी. काशीरामनं पहाटे होमाला न्हेलंन. जाळं धरून ओढलंन तर सगळं एकदम उपटून आलं. जड होतं म्हणाला, दवानं भिजलं असेल."

दवानं!

तसाच लंगडत धावलो. होम पेटलेला, ढोल वाजतायत, काशीराम पुढे नाचतोय. मागायचं नाही, रागवायचं नाही… मी नुसता बघत राहिलो. मग आमच्या रीतीप्रमाणे गडी होमात टाकलेले नारळ काठ्यांनी ओढायला लागले, आणि नारळाबरोबर बाहेर येतो बटाटा! एक, दोन, मग टोपलीभर, खरपूस भाजलेले. सगळी वाडी गार. मानकरी गंगाराम, केवढा मोठा माणूस, हात जोडून म्हणतो, "देवानं दिलंन! होमात बटाटे घातले कुणी? कुणी नाय! देवानं दिलंन!"

मी म्हटलं, माझे आहेत ते. अंगणात लावले होते.

सगळे माझ्याकडे वळले. गंगाराम म्हणाला, "खंडू, बटाटा जमिनीत होतो. तुझ्या अंगणात कातळ. कुठं खणलंस?"

न खणता केले.

"न खणता?" वाडी हसायला लागली. "चल, खड्डा दाखव!" वरात माझ्या दारात. सारवलेलं अंगण, रांगोळी, खड्ड्याचं नाव नाही. मी म्हटलं, मथुरा, सांग गो यांना! आणि ही बाई, उभ्या जन्मात खोटं बोलली नाही, ती आजच कशी बोलेल? म्हणते, "पाला होता. बटाटा काय मी बघितला नाही. ह्यांनी बघूच दिला नाही." नझीर कुठं, तर समुद्रात. एक साक्षीदार नाही, एक खड्डा नाही!

मग काशीरामनं बटाटा फोडलान, मीठ लावलान, खाल्लान. "भावजी," म्हणतो, "देवाच्या वस्तूवर हक्क सांगू नये. पण बटाटा गोड आहे हां." त्यातला अर्धा प्रसाद म्हणून माझ्या हातावर ठेवलान. मी खाल्ला. खरंच गोड होता हो. माझ्या हातचा होता, म्हणून डोळ्यांत पाणी आलं, तर गंगाराम लोकांना दाखवतोय, बघा, खंडूला पश्चात्ताप झाला.

पाच दिवसांनी काशीरामनं माझी वळकटी बांधलीन आणि मला इथं आणलंन, या वखारीवर. काम सोपं आहे म्हणतात. खणायचं नाही, उपटायचं नाही, नुसतं बसून राखायचं… आणि कसला माल राखतो म्हणून मला विचारू नका, तुम्ही मघापासून ज्या पोत्यांवर बसलाय ना, त्यांत हात घालून बघा.