माझ्या नावाच्या पाटीवर भावाचा टाय

सन्माननीय अध्यक्ष त्र्यंबकराव टिपणीस, डोंबिवलीहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे महिपतराव राजे, आपल्या नौपाडा मित्र वाचनालयाचे कार्यवाह गुरुदत्त कर्णिक, समोर खुर्च्यांवर बसलेले बंधू आणि मागे दाराशी सतरंजीवर बसलेल्या भगिनींनो,

तेहतीस वर्षं एका बोटीच्या कंपनीत मी साहेबांची भाषणं टाइप केली. भाषण कुठे थांबवावं ते मला कळतं, सुरू कसं करावं याचा अनुभव नाही. म्हणून जे सांगायचं ते आधीच सांगते. आत्ता अध्यक्षांनी जिच्यावरचं कापड दूर केलं, ती फ्रेम मला त्या भिंतीवर नको आहे. आणि गुरुदत्तांनी त्याबरोबर जी दुसरी घोषणा केली, तीही मागे घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

टाळ्या थांबल्या. बरं झालं, आता ऐकू येईल.

महिपतरावांना या भिंतीची माहिती नाही, त्यांच्यासाठी सांगते. आपला जो सभासद मुंबईच्या कचेरीतून निवृत्त होतो, त्याचा टाय इथे काचेआड लावायची पद्धत आहे. खाली त्याचं नाव आणि नोकरीची वर्षं. ही पद्धत कुठल्या ठरावाने सुरू झाली नाही. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या दुसऱ्या वर्षी त्र्यंबकराव निवृत्त झाले. त्या संध्याकाळी ते तसेच वाचनालयात आले, गळ्यातला टाय ओढून काढला, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला आणि म्हणाले, "सुटलो!" सगळे हसले. तो टाय तिथेच राहिला. कुणी त्याला छत्री अडकवायचं, कुणी हात पुसायचं. मी रोज तिथे इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला बसत असे. मला ते बघवेना. टाय घरी नेला, पुठ्ठ्यावर कापड ताणून त्याच्यावर शिवला, काच घातली आणि आणून दिला. पुढे ज्याला त्याला तसाच हवा झाला.

आता या भिंतीवर माझं नाव यायची वेळ आली. समितीपुढे अडचण उभी राहिली. बाईंचा टाय आणायचा कुठून? ती चर्चा मला चहाच्या वेळी शुभदाने सांगितली. ती गुरुदत्तांची बायको, तेव्हा बातमी पक्की असणार. एकजण म्हणाले, फोटो लावू. दुसरे म्हणाले, फोटो लावला की लोक हार घालतील, आणि ताई तर चांगल्या हिंडत्याफिरत्या आहेत. तिसऱ्यांनी साडीच्या पदराचं नाव काढलं आणि त्यांना गप्प बसवण्यात आलं. कोण ते मी विचारणार नाही. तुम्ही खाली बघू नका.

शेवटी कल्याणला माझ्या धाकट्या भावाला निरोप गेला आणि त्याने आपला टाय दिला. म्हणजे पाहा, पाटीवर मी, कु. मंदाकिनी गुप्ते, १९२४ ते १९५७. आणि वर टाय प्रभाकरचा.

हा टाय मी चांगला ओळखते. टाय बांधायला मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, आमच्या गणवेशातच तो होता. प्रभाकर एकदा मुलाखतीला निघाला तेव्हा हा मीच त्याच्या गळ्यात बांधला. मुलाखत झाली, नोकरी झाली नाही, टाय पेटीत गेला. मग त्याने सायकलींचं दुकान काढलं. ते छान चाललंय आणि तिथे टाय लागत नाही. म्हणजे एक दिवससुद्धा कामावर न गेलेला टाय माझ्या तेहतीस वर्षांच्या वर बसणार!

काय म्हणतोस प्रभाकर? मोठ्याने बोल.

"अगं ताई, माझं ते तुझंच की."

असं? मग तुझ्या दुकानावर माझं नाव लाव.

हसू नका. तो लावेल. मनाने चांगला आहे, म्हणून तर भीती वाटते.

महिपतराव आपल्या भाषणात म्हणाले की, स्त्रीने नोकरी केली तरी तिचं मन घरातच असतं. महिपतराव, आमच्या कंपनीत गोदीतून बोट सुटायच्या दिवशी माझं मन घरात असतं, तर माल भलत्याच बंदरात उतरला असता.

आता जवळून बघा. इथे, गाठीच्या खाली, पिवळा डाग दिसतोय? हा डिंक. गुरुदत्त, तुम्ही हे काम माझ्यापासून लपवून कल्याणच्या एका फ्रेमवाल्याच्या दुकानात दिलंत. का, तर मला अचानक आनंद व्हावा. रेशमाला डिंक लावत नाहीत हो! टाके घालायचे, तेही मागून, आणि नुसत्या अस्तराला. गाठीच्या पोकळीत चिमूटभर कापूस, म्हणजे ती दबत नाही. काचेला कापड टेकू द्यायचं नाही, नाहीतर पावसाळ्यात बुरशी आलीच. हे शिवणकाम आम्हाला नन्सनी शिकवलं, चुकलं की बोटांवर पट्टी बसायची. आज ती पट्टी माझ्या हातात असती तर!

यावर आपली दुसरी घोषणा अशी, की यापुढे सगळ्या फ्रेम्स त्याच दुकानात होतील आणि "मंदाताईंनी आता विश्रांती घ्यावी." सगळ्यात जास्त टाळ्या याला पडल्या. तुम्हाला वाटलं, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलंत.

ते ओझं काय होतं ते सांगते. टाय घेऊन तुम्ही पुरुष कधी आला नाहीत, तुमच्या घरातल्या बायका आल्या. वर्तमानपत्रात गुंडाळून, रविवारी दुपारी. त्र्यंबकरावांचा टाय लागल्यावर वर्षभराने त्यांच्या घरच्या सरोजवहिनी आल्या. "मंदाताई, त्याच्यावर आमटीचा डाग राहिलाय हो. लोक बघतात. काढता येईल?" मी म्हटलं, "राहू द्या वहिनी. त्यांच्या नोकरीत तेवढाच रंग होता." त्या एवढ्या हसल्या की चहा सांडला. अध्यक्षमहाराज, डाग अजून आहे. नंतर दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी यायचं. टायच्या निमित्ताने आल्या की बसायच्या. नवरा आता दिवसभर घरात असतो, त्याचं काय करायचं, हा प्रश्न मला, लग्न न केलेल्या बाईला, विचारायच्या. मी सल्ला द्यायचे आणि तो त्या पाळायच्या नाहीत.

त्या गेल्या की टाय मी खुर्चीच्या पाठीवर टाकायचे. आई-वडील गेल्यापासून घरात मी एकटीच आहे. खुर्चीवर टाय दिसला की कुणीतरी कामावरून आलंय आणि मोरीत हातपाय धुतंय, असं वाटायचं. एका संध्याकाळचं शिवणकाम मी आठवडाभर पुरवायचे. तुम्ही विचारायचात, "ताई, अजून झालं नाही?" मी म्हणायचे, रेशमाला घाई चालत नाही. रेशमाला चालते. मलाच नको होती.

आता कचेरी सुटली. तिथे निदान "मिस गुप्ते" म्हणून दिवसातून शंभरदा हाक यायची, रागाची का असेना. आणि ज्या दिवशी ती थांबली, त्याच आठवड्यात तुम्ही माझ्या दाराशी येणारंही कुणी ठेवलं नाहीत. शाल, श्रीफळ आणि विश्रांती. श्रीफळाचं खोबरं तरी होईल. विश्रांतीचं काय करू?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. टाय प्रभाकरला परत जाईल, डिंक मी काढून देईन. भिंतीवरची माझी जागा विठ्ठलराव दिघ्यांना द्या, ते शिमग्यानंतर निवृत्त होताहेत. पाटी मात्र मी नेते. अक्षर सुबक आहे, आणि आमच्या दारावर अजून वडिलांचंच नाव आहे. विठ्ठलराव, तुमचा टाय कल्याणला जाता कामा नये. तुमच्या घरच्या रखमाबाईंच्या हाती माझ्याकडे पाठवा.

आपण सगळे वेळात वेळ काढून आलात, माझ्यासाठी एवढा घाट घातलात, त्याबद्दल वाचनालयाची आणि आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. जिभेला धार आहे, ती जन्माची आहे. कुणाला लागली असेल तर मोठ्या मनाने क्षमा करा. डिंकाबद्दल बोलले ते सोडून.

आणि रखमाबाई, रविवारचीच वाट बघू नका. इतर वारीही आता मी घरीच असते.