झाकलेला कोपरा

(रडारची बिनखिडकीची खोली. बाहेर बाकावर चौकशीचे अधिकारी बसलेत.)

टॉवरसाहेब: कोपरा झाकल्याची तारीख कशाला आठवत बसलात? पोरांचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणा.

रडारवाले: लग्नानंतर आठच दिवसांनी. तुम्ही नवे व्याही. शब्द मोडवला नाही.

टॉवरसाहेब: मी नुसतं म्हणालो होतो, पडद्यावर खोटे ठिपके फार येतात.

रडारवाले: हँगरचा पत्रा भिजला की तिथून लाटा उलटून यायच्या. नसलेल्या गाड्या दिसायच्या. तुम्ही म्हणालात, 'चार दिवस पडद्यावरचा तेवढा कोपरा झाका.' मी झाकला. चार दिवसांची चार वर्षं झाली.

टॉवरसाहेब: मोठी दोन रडारं होती ना चालू?

रडारवाले: ती आभाळ बघतात. एक लाटा फेकून पडसाद टिपतं, दुसरं विमानाला 'तू कोण' विचारतं. झाडूगाडी काय उत्तर देणार? जमिनीवरचं बघतं ते छपरावरचं धाकटं. त्याच्याच डोळ्यावर आपण पट्टी बांधली.

टॉवरसाहेब: त्या सकाळी धुक्यात हाताला हात दिसत नव्हता. पडदा मोकळा, म्हणून विमान उतरवलं. आमचं काय चुकलं?

रडारवाले: धावपट्टीचं टोक त्याच झाकलेल्या कोपऱ्यात येतं, हे विसरलात. मीही विसरलो.

टॉवरसाहेब: माझा लेखी हुकूम आहे?

रडारवाले: व्याह्यांकडून कोण लेखी घेतं?

टॉवरसाहेब: मग लिहा, स्वतःच्या मनाने झाकला. तुमच्या नोकरीचे दोन महिने उरलेत, माझी सहा वर्षं.

रडारवाले: म्हणजे म्हातारा बैल आधी कसायाला.

टॉवरसाहेब: तसं नाही हो. सूनबाईला सातवा महिना. घराला ताप नको.

रडारवाले: काल फोन आला तिचा. 'बाबा, मामंजी सांगतील तसं लिहा,' म्हणाली आणि ठेवला. एरवी तासभर बोलते.

टॉवरसाहेब: तिला कुणी धाक घातला नाही.

रडारवाले: घालावा लागत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि काठावर माझी पोर. द्या तो कागद.

टॉवरसाहेब: सावकाश लिहा... माझं नाव?

रडारवाले: नाही घातलं. माझ्या मनाने झाकला, असंच लिहिलंय. ही सही.

टॉवरसाहेब: उपकार झाले, व्याही. पण ही वरची ओळ मी सांगितली नव्हती.

रडारवाले: ती राहू द्या. वाचा.

टॉवरसाहेब: 'नऊ तारखेला सकाळी सहा चाळीसला, धावपट्टी झाडणाऱ्या गाडीचा चालक, वय एकेचाळीस, विमानाखाली सापडून जागीच वारला.'