गाडी उजवीकडं वडतीय

त्या जुन्या ट्रकला मी उगाच शिव्या घातल्या, राव. आजही वाईट वाटतं.

आठवडाभर आमच्या वडिलांचं, नानांचं, एकच पालुपद: “गाडी उजवीकडं वडतीय.” तीस वर्षं गाडी त्यांच्या हातातली, मी कशाला शंका घेऊ? आळेफाट्याला दोनदा अलाइनमेंट केली, पुढचे टायर बदलले. तरी नानांचं तेच.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मिस्त्री स्वतः चालवायला बसला. मोकळ्या रस्त्यावर त्यानं स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडले. गाडी दोरी धरल्यासारखी सरळ गेली.

गॅरेजवर परत आल्यावर त्यानं आपले हात तिथंच थांबलेल्या नानांपुढं धरले. “नाना, दोन्ही हातांनी आवळा बरं.”

नानांनी आवळले. मिस्त्री मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “भाऊ, गाडीत काय न्हाई. नानांच्या डाव्या हातात जोरच न्हाई, उजवाच स्टिअरिंग खेचतोय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या.”

तसाच ट्रक घेऊन निघालो. मी चालवत होतो आणि नाना पहिल्यांदाच क्लीनरच्या बाजूला बसले होते. अर्ध्या वाटेत म्हणाले, “आता कळलं का, कशी वडतीय ती?”

गाडी सरळ चालली होती.

म्हटलं, “व्हय नाना. लई वडतीय.”